धरणाच्या टक्क्यावर ठरणारी सुट्टी: पळसदेवचं बेट

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. एसटीच्या गोंगाटात ज्यांना ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा हेडफोन नेमका घरी राहतो, त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'तर' आणि 'म्हणजे' बरेच काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

तर गोष्ट सुरू झाली मार्च २०२४ मध्ये, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आम्ही चौघं बारामतीचे. शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली होती आणि एकाच्या डोक्यात बसलं होतं की यावेळी बेटावरच जायचं. पहिला मेसेज आला, अंदमान. दुसऱ्यानं विमानाच्या तिकिटाचा आकडा टाकला, तो विषय तिथंच संपला. मग मालवणचा सिंधुदुर्ग, मग मुरुडचा जंजिरा. पण जायचं, यायचं आणि सोमवारी सकाळी शिफ्टला उभं राहायचं, हे गणित बसेना.

मी एक फोटो टाकला. चारी बाजूंनी पाणी, मधोमध विटांचं उंच शिखर, खाली काळ्या दगडाचे खांब. ताबडतोब प्रश्न आला, "हे कंबोडियात आहे का?"

मी लिहिलं, "इंदापूर तालुक्यात. बाईकनं सव्वा तास."

बेट कसलं?

ग्रुपवर ठरलं, पण घरी एक अडचण निघाली. माझी थोरली आत्या आमच्याच गल्लीत राहते. तिचं सासर मूळचं पळसदेवचं. मी उत्साहानं सांगायला गेलो, "आत्या, आम्ही बेटावर चाललोय, पळसदेवला."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आरं, बेट कसलं? आमच्या गावचं देऊळ हाय ते. आमच्या अंगणातनं दिसायचं."

मग तिनं विचारलं, "होडीत मला बसवतील का?"

अशी आमची चौघांची ट्रिप पाच जणांची झाली.

इंदापूरचा नकाशा

आता जरा इतिहास-भूगोल, कारण त्याशिवाय हे बेट कळत नाही. फोनवर इंदापूर तालुक्याचा नकाशा उघडा. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोन्ही नद्या तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूरला एकमेकींना भेटतात. तालुक्याला तिन्ही बाजूंनी नदी आहे, तरी आतला मोठा भाग पूर्वापार कमी पावसाचा.

भीमेच्या काठी पळसदेव वसलं. गाव किती जुनं? इथं सापडलेला एक शिलालेख शके १०७९ चा, म्हणजे इ.स. ११५७ चा आहे. जुन्या मराठी कोरीव लेखांचा अभ्यास करणारे लोक या लेखाचं नाव घेतात. तेव्हा देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र राजेही झाले नव्हते. ज्या हेमाद्री पंडिताच्या नावानं आपण प्रत्येक जुन्या दगडी देवळाला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो, तो पुढं शंभर वर्षांनी आला. शिलालेखाचं साल म्हणजे आज दिसणाऱ्या देवळाचंच साल, असं धरू नका. देवळांची डागडुजी होते, शिखरं नव्यानं चढतात. पण भीमेच्या या काठावर पावणेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर अक्षरं कोरून घेत होतं, एवढं पक्कं.

पुढचा मोठा बदल रेल्वेनं आणला. पुण्याहून सोलापूरकडं निघालेली लाईन १८५८ च्या डिसेंबरात भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत पोचली. भीमेवरचा तिथला जुना दगडी पूल नंतर रेल्वेला नको झाला, कारण उजनीच्या पाण्यामुळं लाईनच हलवावी लागली. मग त्या पुलावरून रस्ता गेला. बारामतीहून भिगवणमार्गे जाताना थोडी वाट वाकडी केली की तो बघता येतो.

मायनस म्हणजे काय?

आणि मग उजनी. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेवर हे धरण बांधायला घेतलं ते साठच्या दशकाच्या शेवटी, पूर्ण झालं १९८० मध्ये. जलाशयाचं नाव यशवंतसागर. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागं फुगत गेलं ते इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत. पळसदेवचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. नवं गाव पुणे-सोलापूर हायवेलगत वसलं. देव नव्या देवळात आले, जुनं देऊळ तिथंच राहिलं.

आता हा भाग नीट वाचा, कारण ट्रिपची तारीख यावरच ठरते. दर उन्हाळ्यात बातमी येते, 'उजनी मायनसमध्ये'. माझ्या एका मित्राला वाटायचं, मायनस म्हणजे धरण कोरडं. तसं नाही. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. यातलं सुमारे ५३.५ टीएमसी हे उपयुक्त पाणी आणि सुमारे ६३.५ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त पाण्याची. म्हणजे बातमीत 'शून्य टक्के' असतं तेव्हाही धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतं! त्याच्या खाली गेलं की मायनस सुरू.

२०२३ चा पाऊस कमी पडला, धरण पूर्ण भरलंच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे मृतसाठ्यातलंही सुमारे ३२ टीएमसी पाणी संपलं. पाणी उतरत जातं तसं आधी शिखर उघडं पडतं, मग खांब, मग चौथरा. काही दिवस देवळाभोवती पाण्याचा वेढा असतो, तेच आपलं 'बेट'. आणखी उतरलं की पायवाट उघडी पडते आणि बेट संपतं. पाऊस आला की सगळं परत पाण्यात.

थोडक्यात, या बेटाला पत्ता असला तरी तारीख नाही. आणि ज्या वर्षी बेट सगळ्यात छान दिसतं, त्या वर्षी उजनीवर अवलंबून असलेल्या सोलापूरकरांच्या नळाला पाणी कमी येतं आणि काठच्या शेतकऱ्याला उसाची मोटर चालवायला पाइप पाण्याच्या मागं मागं न्यावा लागतो. आपली सुट्टी त्यांच्या टंचाईत पडते. जाऊ नका असं मी म्हणत नाही. माहीत असू द्या, एवढंच.

होडीतली आत्या

आम्ही मार्चअखेरीस गेलो. पहाटे भिगवणकडं निघालो, आधी कुंभारगावला रोहित पक्षी बघितले. त्याच दिवसांत दोन्ही साधतं. पक्षी अजून गेलेले नसतात आणि देऊळ वर यायला लागलेलं असतं. मग हायवेनं पळसदेव. काठावर मासेमारीच्या होड्या होत्या, एकानं आम्हाला पलीकडं न्यायचं कबूल केलं.

देऊळ जवळून बघितलं की फोटो विसरायला होतं. खालचं बांधकाम दगडी, वरचं शिखर विटांचं. चाळीसहून जास्त वर्षं हे शिखर पाण्यात जातं आणि वर येतं, तरी उभं आहे. खांबांवरचं कोरीव काम शेवाळ आणि गाळाच्या थरातून दिसतं. आजूबाजूला वीरगळ पडलेले. लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून उभे केलेले हे दगड. कुणासाठी, कुठल्या लढाईसाठी, ते दगडावर लिहिलेलं नाही.

आत्यानं खांबाला हात लावून नमस्कार केला आणि मग पाण्याकडं बोट दाखवायला लागली. "हितं वेस. हितनं नदीकडं वाट. त्या तिथं चिंच." आम्हाला सगळीकडं हिरवट पाणीच दिसत होतं. गाव उठलं तेव्हा ती नवी नवरी होती. तिनं सांगितलं की लोकांनी घरं नुसती सोडली नाहीत, उकलली. दारं, चौकटी, तुळया बैलगाडीत घालून नव्या जागी नेल्या. तिच्या सासऱ्यांनी उंबरासुद्धा नेला. नव्या घराला जुना उंबरा बसवला, तो दोन बोटं कमी पडला, म्हणून बाजूला सिमेंट भरलं. ते सिमेंट आजही दिसतं. मी त्या उंबऱ्याला लहानपणापासून ठेचकाळतोय, पण त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

आमच्यातल्या एकानं ड्रोन आणला होता. स्क्रीनवर देऊळ बोटाएवढं झालं. आत्या मागून वाकून बघत होती. म्हणाली, "वरनं आमचं घर दिसतंय का बघ बरं."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पाणी गढूळ आहे आत्या, म्हणून दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली.

तो व्हिडिओ त्यानं रीलसाठी काढला होता. टाकला, पण त्यावर गाणं लावलं नाही आणि 'महाराष्ट्राचं अंकोर वाट' हे ठरलेलं नावही काढून टाकलं. लिहिलं फक्त, 'जुनं पळसदेव'.

अशी गावं जगात बरीच आहेत. मावळात पवना धरणात वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं. स्पेनमधलं आसेरेदो गाव १९९२ मध्ये धरणाखाली गेलं आणि २०२१-२२ च्या दुष्काळात घरांच्या भिंती घेऊन वर आलं, तेव्हा तिथंही पर्यटकांची रांग लागली होती. त्या रांगेतही आत्यासारखी माणसं असतीलच.

आम्ही काय चुकलो

हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण हा भाग केला तो यासाठीच. आम्ही पाच जण त्या होडीत बसलो आणि कुणाच्याही अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. होडीत नव्हतं, आम्ही मागितलंही नाही. त्यात पोहता येणारे दोघं.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच जलाशयावर करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आला. बाकी सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. ही माणसं सुट्टीवर नव्हती. रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो म्हणून त्या काठची माणसं रोज असंच पाणी ओलांडायची. गावं पाण्यानं तोडली, त्याची किंमत इतक्या वर्षांनीही कुणीतरी मोजत होतं. कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झालाय, पण ती सहा माणसं परत यायची नाहीत.

बातमी वाचून मी आत्याकडं गेलो. ती म्हणाली, "दुपारनंतर त्या पाण्याचा भरवसा न्हाई. नदी होती तवा कळायची, आता कळत न्हाई." तिच्या बोलण्यात अर्थ आहे. नदीचं पात्र अरुंद असतं. इथं मैलोगणिक उघडं पाणी, वाऱ्याला अडवायला काही नाही. त्यात वळिवाचे दिवस म्हणजे सकाळी आरसा आणि संध्याकाळी लाटा.

तर तुमचा बेत असा करा

एक. कॅलेंडर नाही, उजनीची रोजची टक्केवारी बघा. आम्ही २०२५ च्या मेअखेर परत जायचं ठरवलं होतं. २५ मे ला बारामती-इंदापुरात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा फुटला आणि पुढच्या दिवसांत उजनी भराभर चढली. बेत तिथंच बुडाला.

दोन. सकाळी जा, अकराच्या आत काठाला या. लाईफ जॅकेट नसेल तर बसू नका. होडीवाला हसला तर हसू द्या. ढग दिसले तर काठावरूनच हात जोडा.

तीन. पाण्यात उतरू नका. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथंच येतं. शिवाय खाली गाळ आहे आणि गाळाखाली घरांच्या भिंती.

चार. शिखरावर चढू नका. वीट, दगडाचा तुकडा, काहीही आठवण म्हणून उचलू नका.

पाच. दुपारी भिगवणला मासे खा. चिलापी तिखट तळलेली मागा. दुसरा दिवस हातात असेल तर इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, चांदशावली बाबांचा दर्गा आहे, आणि संध्याकाळी नरसिंहपूरचा संगम.

आणि शेवटचं. नव्या पळसदेवात चहाला थांबाल तेव्हा टपरीवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, तुमचं घर कुठं होतं?" ते पाण्याकडं बोट दाखवतील. तुम्हाला काही दिसणार नाही. तरी बघा.

तुमच्या घरात असा कुठल्या बुडालेल्या गावाचा उंबरा, चौकट, पाटा-वरवंटा असेल तर त्याची गोष्ट व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटू, काळजी घ्या.