मार बसला, पण नोंद कुठे?



मुंबईला आर्थर रोडवर साथीच्या रोगांसाठी बांधलेले महानगरपालिकेचे एक जुने इस्पितळ आहे. आज आपण त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो. २९ ऑक्टोबर १८९६ या दिवशी सुमारे एक हजार गिरणीकामगार या इस्पितळावर चालून गेले. त्यांनी मोडतोड केली आणि आतल्या नोकरमाणसांना मारहाण केली.

हे असे का झाले? त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहरात हाहाकार उडाला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी कडक हुकूम काढला. घरात शिरावे, घर धुऊन काढावे, रोगी सापडला तर त्याला उचलून इस्पितळात न्यावे. घरच्यांची संमती असो वा नसो. लोक तर इस्पितळाच्या नावानेच भीत. तिथे गेलेला परत येत नाही, तिथे माणसाची मोमियाई काढतात, अशा कंड्या पिकलेल्या. त्यातच एका कामगार बाईला तिच्या इच्छेविरुद्ध तिथे नेले, आणि ठिणगी पडली. हल्ल्यानंतर सरकारला त्या हुकमाची धार बरीच बोथट करावी लागली.

मी इतिहासाचा अध्यापक. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले विचारतात, "सर, मग चूक कोणाची?" मी म्हणतो, बाबांनो, सक्ती करणाराची चूक होतीच. पण ज्या वॉर्डबॉयला आणि परिचारिकेला मार बसला, त्यांनी काही तो हुकूम काढलेला नव्हता. हुकूम काढणारा दूर असतो, आणि दाराशी उभा असलेला मार खातो. ही गोष्ट सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

तो हल्ला हजार माणसांचा होता, म्हणून तो कागदावर आला आणि आज मला सांगता येतो. परंतु सगळेच हल्ले हजार माणसांचे नसतात. रात्री दोन वाजता एका परिचारिकेच्या कानशिलात बसलेली चपराक, डॉक्टरला दिलेली "बाहेर ये, मग बघतो" ही धमकी, वाटेत आशा सेविकेला अडवून केलेली शिवीगाळ, यांचा इतिहास कोण लिहिणार? आणि लिहिल्यावाचून त्यावर उपाय तरी कसा करणार? आज मला त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका लहान गावच्या रुग्णालयात परिचारिका आहे. दिवाळीत ती भेटायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "सर, मागल्या महिन्यात एका पेशंटच्या भावानं मला ढकललं. मनगट आठ दिवस सुजलं होतं." मी विचारले, "मग लिहून दिलंस की नाही?" ती हसली. म्हणाली, "कुठं लिहायचं, सर? औषधांची वही आहे, चादरींची आहे, जेवणाची आहे. मार खाल्ल्याची वही नाही."

तिचे ते शब्द माझ्या मनातून जाईनात. इस्पितळात वह्या काही कमी नसतात. मोजल्याशिवाय इस्पितळ सुधारत नाही, हे जगाला शिकविले फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ते १८५६ या काळात, त्यांनी पाहिले की शिपाई तलवारीने मरतात त्याहून अधिक घाणीने आणि रोगराईने मरतात. हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. पुढे १८६० साली लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, तिच्यापुढे बाईंनी अशी योजना ठेवली की सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात आकडे ठेवावेत. किती रोगी आले, किती बरे झाले, किती दगावले. रोग्यांची मोजदाद अशी सुरू झाली. परंतु रोग्यांची सेवा करणाऱ्याला लागलेल्या माराची पद्धतशीर मोजदाद सुरू व्हावयास त्यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला.

आता मोजायचे म्हणजे नेमके काय मोजायचे? रक्त आले तरच मार, की शिवीही त्यात धरायची? एका गावात एक धरले आणि दुसऱ्या गावात दुसरे, तर दोन्ही आकड्यांची तुलना होणार नाही. शेरात मोजलेले धान्य आणि किलोत मोजलेले धान्य एकाच राशीत कसे मिळवावे? म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, जागतिक आरोग्य संघटना, परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि सार्वजनिक सेवकांची जागतिक संघटना या चौघांनी मिळून एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात कामाच्या संबंधात झालेली शिवीगाळ, धमकी आणि मारहाण हे तिन्ही हिंसेत धरले आहे. कामावर जाता-येताना घडलेला प्रसंगही त्यात येतो. खेड्यापाड्यांतून पायी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या दृष्टीने हे कलम फार मोलाचे आहे.

त्याच सुमारास निरनिराळ्या खंडांतील सात देशांत पाहणी झाली. मागील वर्षभरात निदान एक तरी असा प्रसंग आला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ब्राझीलमध्ये शेकडा ४६.७ निघाले, तर बल्गेरियात शेकडा ७५.८. म्हणजे हा काही आपल्याच देशाला जडलेला रोग नव्हे.

पण विचारल्यावर सांगणे वेगळे आणि त्या वेळी लिहून देणे वेगळे. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालय-समूहात हाच फरक तपासून पाहिला, आणि २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना प्रश्नपत्रिका दिली तेव्हा शेकडा ६२ जणांनी सांगितले की वर्षभरात आपल्याला हिंसेचा अनुभव आला. मग त्यांच्या नोंदी उघडून पाहिल्या. अनुभव आलेल्या शंभरांतल्या ८८ जणांनी एकही प्रसंग नोंदविलेला नव्हता! तिथे तर नोंद करण्याची यंत्रणा तयार होती.

माणसे लिहीत का नाहीत? कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. कोणी म्हणतो, हे आपल्या धंद्यात चालायचेच. कोणाला वाटते, लिहून काय होणार आहे? कोणाला भीती, की आपलीच चौकशी लागेल. रोगी वाताच्या झटक्यात हात उगारतो, तेव्हा परिचारिकेलाच त्याची दया येते. आणि कित्येकदा वरचे साहेब समजूत घालतात, "जाऊ द्या हो, गावात वैर कशाला?" मार विसरला जातो, पण भीती राहते. मग एके दिवशी डॉक्टर बदली मागून निघून जातो आणि रात्रीच्या वेळी दवाखान्याला कुलूप दिसते. तेव्हा गाव विचारते, डॉक्टर का टिकत नाही?

या बाबतीत स्वीडनचा एक अनुभव मोठा बोलका आहे. तेथे आरोग्यसेवेच्या ४७ ठिकाणी एक साधा, सुटसुटीत तक्ता देण्यात आला. हल्ला कोठे झाला, कोणी केला, त्या वेळी काय काम चालू होते, एवढेच त्यात भरावयाचे. काही ठिकाणी त्यापुढचे एक पाऊल टाकले. जमलेल्या नोंदी कर्मचाऱ्यांपुढे नियमाने ठेवून त्यांवर चर्चा केली. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जेथे चर्चा होत होती तेथे इतर ठिकाणांपेक्षा शेकडा ५० अधिक प्रसंग नोंदले गेले होते. प्रथम ऐकताना हे उलटे वाटते. पण विचार करा, आपले लिहिलेले कोणीतरी वाचते आहे असे दिसले की माणूस लिहितो. वही नुसती कपाटात ठेवायची असेल, तर ती कोण भरील?

इंग्लंडचा धडाही असाच आहे. तेथील सरकारने १९९९ साली ठरविले की आरोग्यसेवकांवरील हल्ले २००१ पर्यंत २० टक्क्यांनी आणि २००३ पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करावयाचे. १९९८-९९ साली नोंदलेले प्रसंग होते सुमारे ६५,०००. २००१-०२ साली ते झाले ९५,५०१! ध्येय घटविण्याचे आणि आकडा वाढलेला. परंतु सरकारी हिशेबतपासनिसांनी २००३ साली सांगितले की या वाढीचे एक कारण नोंद सुधारली हे होय. तेव्हा आकडा वाढला की घाबरून जाऊ नये, आणि शून्य दिसला की लगेच शाबासकी देऊ नये. शून्य दोन प्रकारचे असते. एक शांततेचे, दुसरे कोऱ्या वहीचे.

इथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक गणित देतो. समजा, तालुक्याच्या रुग्णालयात वर्षात ६ प्रसंग झाले आणि तेथे ३० माणसे कामाला आहेत. जिल्ह्याच्या रुग्णालयात ४० प्रसंग झाले आणि तेथे ४०० माणसे आहेत. धोका कोठे अधिक? ४० हा आकडा मोठा दिसतो. पण जिल्ह्यात प्रमाण पडले शेकडा १० आणि तालुक्यात शेकडा २०. वर्तमानपत्रात छापून येते ते जिल्ह्याचे, आणि धोका अधिक तो तालुक्यात. नुसते प्रसंग मोजून भागत नाही, किती माणसांत किती, हे सांगावे लागते.

नोंद अपुरी राहिली तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण मुंबईतच आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली, ती चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांबद्दल. तिच्यावर झालेला लैंगिक अत्याचार आरोपात आलाच नाही. आणि जे आरोपात नाही ते निकालात कोठून येणार? अरुणाताई १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांची सेवा केली ती तेथील परिचारिकांनी. हल्ला करणारा नेहमी बाहेरचाच असतो असे नाही, हेही या प्रकरणाने शिकविले.

कायदे मग होत गेले. आपल्या महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवेतील माणसांच्या आणि संस्थांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मोडतोड केलेल्या उपकरणांची दुप्पट भरपाईही आहे. देशाच्या पातळीवर जे घडले त्याचा धागा तर थेट त्या प्लेगाशी जुळतो. प्लेगच्या धास्तीने ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. त्याने सरकारच्या हाती लोकांवर सक्ती करण्याचे अधिकार दिले. तो कायदा तसाच चालू राहिला. २०२० साली करोनाच्या साथीत डॉक्टरांवर, परिचारिकांवर, आशाताईंवर ठिकठिकाणी हल्ले झाले, तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून त्याच कायद्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणाची कलमे घातली गेली. साधी हिंसा असेल तर तीन महिने ते पाच वर्षे कैद, गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षे. त्याच वर्षी संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. सक्तीच्या कायद्यात संरक्षणाचे कलम यावयास १२३ वर्षे लागली.

आणि तरीही मोजदाद मागेच राहिली. अशा हल्ल्यांची आकडेवारी केंद्राकडे एकत्र ठेवली जात नाही, असे उत्तर संसदेत एकाहून अधिक वेळा देण्यात आलेले आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका तरुण शिकाऊ डॉक्टर मुलीचा अत्याचार करून खून झाला. पोलिसांतली पहिली खबर नोंदविण्यास उशीर का झाला, असे सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले. त्याच महिन्यात १६ तारखेला केंद्रीय आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांना लेखी कळविले, की कर्मचाऱ्यावर कामावर असताना हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने पोलिसांत फिर्याद द्यावी, आणि ती जबाबदारी संस्थाप्रमुखाची राहील. या हुकमात मला मोठा अर्थ दिसतो. मार खाल्लेल्या बाईने सुजलेल्या हाताने स्वतः कागद धरून फिरावे, ही रीत त्याने मोडली. मार एकीला बसला तरी फिर्याद संस्थेची.

परंतु पोलिसांतली फिर्याद ही शिक्षेसाठी असते. रुग्णालयातली वही शहाणपणासाठी असावी. तिच्यात मार किती बसला एवढेच लिहून चालणार नाही. त्याआधी काय घडले हेही लिहिले पाहिजे. नातेवाईक किती वेळ ताटकळले? रोग्याची खबर त्यांना कोणी दिली की नाही? त्या पाळीला किती माणसे कामावर होती? दहा नोंदींत जर "रात्रीची पाळी, एकटी परिचारिका, डॉक्टर बाहेर" असेच येत असेल, तर उपाय काठीचा नव्हे, आणखी एका माणसाची नेमणूक करण्याचा आहे. १८९६ साली त्या बाईला तिच्या मनाविरुद्ध नेले, हे कोणीतरी लिहून ठेवले, म्हणूनच आपल्याला त्या दंग्याचे कारण कळते. कारण वगळून नुसता दंगा लिहिला असता, तर आपण कामगारांना गुंड म्हणून मोकळे झालो असतो.

म्हणून गावकरी मंडळींना माझे सांगणे आहे, की ही वही तुमच्याविरुद्ध नाही. ती तुमच्याही बाजूची साक्षीदार आहे. ग्रामसभेत दवाखान्याचा विषय निघेल तेव्हा औषधे आहेत का हे जरूर विचारा, आणि त्याबरोबर हेही विचारा, की आपल्या नर्सबाईंना, आशाताईंना या वर्षी किती वेळा त्रास झाला आणि तो कोठे लिहिला आहे? उत्तर "शून्य" असे आले, तर वही मागून पाहा.

त्या माझ्या विद्यार्थिनीला मी निघताना शंभर पानी एक वही दिली. पहिल्या पानावर आम्ही दोघांनी मिळून रकाने आखले. तारीख, वेळ, जागा, काय झाले, आधी काय घडले, पुढे काय केले. महिन्याभराने तिचा फोन आला. म्हणाली, "सर, तीन नोंदी झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी वाचल्या, खाली सही केली. आता रात्री दोघी असतो."