नियोजित अहवाल आणि तुटलेली जोडणी
– प्रतिनिधी

बँकेची शाखा असो, औषधांचे घाऊक वितरक असोत वा एखादा कारखाना. आदल्या दिवशीच्या व्यवहारांचा गोषवारा सकाळी कामकाज सुरू होण्यापूर्वी ई-मेलच्या पेटीत येऊन पडलेला असणे, ही आता गृहीत धरली जाणारी सोय आहे. हा गोषवारा कोणी बसून तयार करीत नाही. पहाटे ठरलेल्या वेळी सर्व्हर स्वतःच डेटाबेसशी जोडणी करतो, आकडे गोळा करतो आणि अहवाल रवाना करतो. एखाद्या सकाळी हा अहवाल येत नाही, तेव्हा बहुधा ही जोडणीच झालेली नसते. न आलेला अहवाल आरडाओरडा करीत नाही, ही यातील खरी अडचण. तो आला नाही हे दोन दिवसांनी ध्यानात येते, आणि तोवर जुन्याच साठ्याच्या आकड्यांवरून नव्या मालाची मागणी नोंदवून झालेली असते.

असे अहवाल तयार करणाऱ्या प्रणाली अनेक आहेत. त्यांपैकी आपल्याकडच्या कार्यालयांत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस’चे उदाहरण येथे घेतले आहे. २००४ मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीची २०२२ ची आवृत्ती ही अखेरची ठरली असून तिची जागा ‘पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर’ घेईल, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र २०२२ च्या आवृत्तीला जानेवारी २०३३ पर्यंत पाठबळ मिळणार असल्याने पुढील विवेचन बराच काळ उपयोगी पडावे. दोन्हींची मूळ घडण बव्हंशी एकच आहे.

काम ‘यशस्वी’, अहवाल मात्र नाही

अहवालाची वेळ झाली की ‘एसक्यूएल सर्व्हर एजंट’ हा वेळापत्रक सांभाळणारा घटक जागा होतो. पण तो अहवाल चालवीत नाही. रिपोर्ट सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधील ‘इव्हेंट’ नावाच्या तक्त्यात तो केवळ एक नोंद टाकतो आणि त्याचे काम तेथेच संपते. रिपोर्ट सर्व्हरची सेवा मूळ मांडणीनुसार दर १० सेकंदांनी हा तक्ता चाळते, नोंद दिसली की ती उचलते आणि मग प्रत्यक्ष आकडे जेथे आहेत त्या डेटाबेसशी जोडणी करू पाहते.

म्हणूनच एजंटच्या इतिहासात हिरवी खूण दिसते, काम यशस्वी झाल्याची नोंद असते, आणि अहवालाचा तरीही पत्ता नसतो. ‘आमच्याकडे सर्व ठीक दिसते’ हे डेटाबेस विभागाचे उत्तर अशा वेळी प्रामाणिकच असते. ते फक्त चुकीच्या प्रश्नाचे उत्तर असते.

दुसरी फसवणूक अहवालाच्या ‘सबस्क्रिप्शन’समोर दिसणाऱ्या शेऱ्यात दडलेली असते. जोडणी फसली तरी ई-मेलने जाणाऱ्या अहवालाचा शेरा बहुधा ‘फेल्युअर सेंडिंग मेल’ या शब्दांनी सुरू होतो. ते वाचून मंडळी मेल सर्व्हरच्या मागे लागतात. शेरा शेवटपर्यंत वाचावा. पुढे ‘कॅनॉट क्रिएट अ कनेक्शन टू डेटा सोर्स’ असे शब्द असतील, तर मेलचा यात काहीही दोष नाही.

एवढ्यावरही खरे कारण कळत नाही, कारण दूरच्या संगणकावरून पाहणाऱ्याला त्रुटीचा तपशील दाखवायचा नाही, असा या प्रणालीचा मूळ संकेत आहे. संपूर्ण मजकूर रिपोर्ट सर्व्हरच्या ‘लॉगफाइल्स’ या फोल्डरमध्ये मिळतो. या फायली साधारणतः १४ दिवसच ठेवल्या जातात, तेव्हा तपास पुढच्या महिन्यावर ढकलू नये. ‘एक्झिक्यूशनलॉग३’ या दृश्यतक्त्यात ६० दिवसांचा हिशेब असतो. पण तेथे कोणता अहवाल केव्हा फसला एवढेच समजते, का फसला हे नाही.

हाताने चालतो, पहाटे चालत नाही

तक्रार सर्वाधिक वेळा याच शब्दांत येते. अधिकारी दिवसा अहवाल उघडतात, तेव्हा डेटाबेसपाशी त्यांची विंडोजची ओळख वापरली जाऊ शकते. पहाटे चार वाजता मात्र सर्व्हरसमोर कोणीही बसलेले नसते. मग ओळख कोणाची दाखवायची? याकरिता नियोजित अहवालाला लागणारे नाव व पासवर्ड रिपोर्ट सर्व्हरमध्ये साठवून ठेवणे आवश्यक असते. ते साठवलेले नसतील, तर सबस्क्रिप्शन तयारच होत नाही. आणि आधी असलेले कोणी नंतर काढून टाकले, तर चालू सबस्क्रिप्शन निष्क्रिय होते.

येथे कार्यालयांचा आळस नडतो. घाईत कोणीतरी स्वतःचेच खाते आणि स्वतःचाच पासवर्ड त्या रकान्यात भरून मोकळा होतो. पुढे कंपनीच्या नियमानुसार ९० दिवसांनी त्याला पासवर्ड बदलावा लागतो, किंवा तो नोकरी सोडतो आणि त्याचे खाते बंद होते. त्या दिवशी त्याच्या नावावर चालणारे सारे अहवाल एकदम थांबतात. पासवर्ड बदलला तरी रिपोर्ट सर्व्हर जुन्याच पासवर्डने पुन्हा पुन्हा दार ठोठावीत राहतो, आणि ठरावीक अपयशांनंतर खाते कुलूपबंद करण्याचा नियम असेल, तर त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याला सकाळी स्वतःच्या संगणकावरही प्रवेश मिळत नाही. आकडे ‘ओरॅकल’मधून येत असतील, तर ११जी या आवृत्तीपासून मूळ मांडणीत पासवर्डची मुदत १८० दिवसांची आहे, हेही लक्षात असावे.

यावर उपाय एकच. अहवालांसाठी स्वतंत्र खाते काढावे, त्याला केवळ वाचनाचा अधिकार द्यावा आणि पासवर्ड बदलण्याची जबाबदारी कोणाकडे आहे ते लिहून ठेवावे. ‘तूर्तास चालू होऊ दे’ म्हणून ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड तेथे भरण्याचा मोह अनेकांना होतो. अहवाल सुरू होतो, यात शंका नाही. मात्र अहवालाची रचना बदलू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्या क्षणी साऱ्या डेटाबेसच्या किल्ल्या जातात.

एक क्रमांक, अनेक कारणे

प्रवेश नाकारला गेला की १८४५६ हा क्रमांक दिसतो. समोरच्याला कारण कळू नये, या सावधगिरीपोटी डेटाबेस बाहेर नेहमी ‘स्टेट १’ एवढेच सांगतो. खरा ‘स्टेट’ डेटाबेस सर्व्हरच्या त्रुटीनोंदीत लिहिलेला असतो आणि निदानाचे निम्मे काम तो एकटाच करतो. तेथे ५ असेल, तर त्या नावाचे खातेच अस्तित्वात नाही. ८ असेल, तर पासवर्ड चुकला आहे. ३८ असेल, तर खाते व पासवर्ड बरोबर आहेत, पण मागितलेला डेटाबेस उघडता आलेला नाही.

६ हा अंक पाहिला की एक विशिष्ट चूक ओळखावी. साठवलेले खाते विंडोजचे असते, पण ते विंडोजचे म्हणून वापरावे ही चौकट खूण करायची राहून गेलेली असते. परिणामी डेटाबेस ते नाव स्वतःच्या यादीत शोधत बसतो. खूण केल्यानंतरही जोडणी झाली नाही, तर त्या खात्याला रिपोर्ट सर्व्हरच्या संगणकावर स्थानिक लॉगऑनचा अधिकार आहे काय, ते तपासावे.

नोंदीत ‘अॅनॉनिमस लॉगऑन’ असे नाव आढळले, तर प्रकार निराळा आहे. वापरणाऱ्याची ओळख त्याच्या संगणकावरून रिपोर्ट सर्व्हरपर्यंत पोहोचली, पण तेथून पुढे वेगळ्या संगणकावरील डेटाबेसपर्यंत गेली नाही. हा दोष दिवसा अहवाल उघडताना भेटतो. पहाटेच्या अहवालाच्या तक्रारीत त्याची गल्लत करू नये.

पत्ता चुकला की दार बंद?

त्रुटीनोंदीत प्रवेश नाकारल्याचा उल्लेखच नसेल, तर विनंती डेटाबेसपर्यंत पोहोचलीच नाही, असे समजावे. एसक्यूएल सर्व्हरचे नेहमीचे दार १४३३ क्रमांकाच्या पोर्टचे. नाव दिलेली स्वतंत्र ‘इन्स्टन्स’ असेल, तर तिचा पोर्ट सांगण्याचे काम ‘एसक्यूएल ब्राउझर’ ही सेवा यूडीपी १४३४ वर करते. फायरवॉलचे नियम बदलताना नेमकी हीच वाट बंद होते आणि ‘एरर लोकेटिंग सर्व्हर’ असा संदेश येतो. चाचणी रिपोर्ट सर्व्हरवर बसूनच करावी. आपल्या टेबलावरील संगणकावरून जोडणी होते, याने काहीही सिद्ध होत नाही.

सुरक्षेचे नवे निकष हेही अलीकडे वारंवार आढळणारे कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हरच्या २०२२ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून जोडणी सांकेतिक असणे हेच गृहीत धरले जाते. डेटाबेस सर्व्हरचे प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असेल, तर ड्रायव्हर ते विश्वासार्ह मानत नाही आणि काल चालणारा अहवाल आज थांबतो. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ हा पर्याय चालू करून तात्पुरती सुटका होते, परंतु समोरचा सर्व्हर खरा आहे याची खातरजमा त्याबरोबर संपते. योग्य प्रमाणपत्र बसवणे हाच नीट मार्ग.

अहवाल बनविणाऱ्याच्या संगणकावर चालतो आणि सर्व्हरवर मुळीच चालत नाही, यामागे अनेकदा ३२ आणि ६४ बिटचा घोळ असतो. ‘व्हिज्युअल स्टुडिओ’च्या २०१९ पर्यंतच्या आवृत्त्या ३२ बिटच्या होत्या, सर्व्हर मात्र ६४ बिटचा. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन स्वतंत्र नोंदवह्या असतात आणि एकीत केलेली सिस्टिम डीएसएनची नोंद दुसरीला दिसत नाही. गंमत अशी, की ६४ बिटची वही ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये आहे आणि ३२ बिटची ‘सिसवाव६४’मध्ये. नावे ठेवणाऱ्यास काय म्हणावे!

मध्यरात्रीची गर्दी

कधी चालतो, कधी नाही, असा अहवाल असेल, तर घड्याळाकडे पाहावे. अनेक ठिकाणी अहवालांसाठीचा डेटाबेस ही मूळ डेटाबेसची रोज रात्री नव्याने उतरवलेली प्रत असते. ती उतरत असताना डेटाबेस कोणालाच उघडत नाही, आणि माहिती जसजशी वाढते तसतसे हे काम लांबत जाऊन एके दिवशी अहवालाच्या वेळेवर येऊन आदळते. वर्षभर सुरळीत चाललेला अहवाल एकाएकी बिघडण्याचे हे मोठे कारण. मूळ सर्व्हर परदेशात असेल, तर उन्हाळी वेळेचाही विचार करावा. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलली, की पुण्यात बसून रात्रपाळीत देखरेख करणाऱ्याचे गणित एका तासाने चुकते.

सारेच अहवाल सहाच्या ठोक्याला लावण्याची हौसही महागात पडते. डॉटनेटच्या मूळ मांडणीत जोडणीसाठी १५ सेकंदच वाट पाहिली जाते. अहवालांत पाच-पाच मिनिटांचे अंतर ठेवले, तर बिनखर्चात प्रश्न सुटतो.

किल्ली हरवली तर

रिपोर्ट सर्व्हरने साठवलेले सर्व पासवर्ड एका सांकेतिक किल्लीने बंद केलेले असतात. सर्व्हर बदलताना ही किल्ली सोबत नेली नाही, तर नव्या ठिकाणी एकही पासवर्ड उलगडत नाही आणि प्रत्येक डेटा सोर्स पुन्हा भरावा लागतो. सेवेचे खाते बदलायचे ते रिपोर्टिंग सर्व्हिसेसच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदलावे, विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ खिडकीतून नव्हे. आणि किल्लीची प्रत अन्य संगणकावर जपावी.

जोडणी सुधारल्यावर राहिलेला अहवाल पाठवायचा असतो. एजंटमधील कामाला नावाऐवजी लांबलचक सांकेतिक क्रमांक असतो. तो कोणत्या अहवालाचा, हे ‘रिपोर्टशेड्यूल’ तक्त्यातून कळते. ते काम हाताने सुरू केले की अहवाल रवाना होतो. मात्र त्या वेळापत्रकावर अनेक अहवाल टांगलेले असतील, तर ते सारेच पुन्हा जातात. शिवाय अहवालात ‘काल’ ही तारीख आपोआप काढली जात असेल आणि तो एक दिवस उशिरा चालवला, तर हाती येणारे आकडे हुकलेल्या दिवसाचे नसून त्यापुढच्या दिवसाचे असतात. असा अहवाल तारीख स्वतः भरून, वेब पोर्टलवरूनच काढावा.