वायंगणी भुईमूग : खताची मात्रा आणि रोपांची दाटी

गोव्यात भाताच्या कापणीनंतर, जमिनीत ओल शिल्लक असताना, वायंगणी भुईमूग पेरला जातो. उपट्या वाणांसाठी दोन ओळींत 30 व दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे 3 लाख 33 हजार रोपे बसतात. पसऱ्या वाणांना अधिक जागा लागते. पेरणी विरळ झाल्यास झाडागणिक शेंगा वाढतात, पण शेताचे उत्पन्न घटते. मोकळी जागा तणाच्या वाट्याला जाते. अति दाटीत टिक्का रोगाला वाव मिळतो.

शेजारच्या महाराष्ट्रात हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एवढे नत्र अवघ्या 54 किलो युरियातून मिळते. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पुरवीत असल्याने त्यावर आणखी युरिया टाकणे म्हणजे निव्वळ पाला पोसणे होय.

शेंगा पोचट राहण्याचे कारण मात्र बहुधा कॅल्शियमच्या कमतरतेत असते. वाढती शेंग कॅल्शियम मुळांकडून नव्हे, तर थेट भोवतालच्या मातीतून घेते, आणि जांभ्याच्या आम्लधर्मी, पावसाने निचरलेल्या जमिनीत नेमके तेच अपुरे असते. म्हणून स्फुरद डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटमधून देणे श्रेयस्कर. त्यात कॅल्शियम व गंधकही असते. आऱ्या सुटू लागताच झाडांलगत जिप्सम घालून मातीची भर द्यावी. आऱ्या जमिनीत शिरल्यावर कोळपणी करू नये, त्या तुटतात.