धोंडू नावाची गोष्ट

परवा एका मित्राचा मेसेज आला. घरात मुलगा झालाय, नाव सुचव. अट एकच, नाव 'युनिक' पाहिजे, वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. मी लिहिलं, "धोंडू ठेव. अख्ख्या शाळेत दुसरा सापडणार नाही." त्याने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या स्मायल्या पाठवल्या. तासाभराने मात्र फोन आला. "अरे, माझ्या पणजोबांचं नाव खरंच धोंडू होतं. का ठेवलं असेल रे असं नाव?"

त्या 'का'साठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

धोंडा म्हणजे दगड, हे सगळ्यांना माहीत आहे. नको असलेली जबाबदारी म्हणजे 'गळ्यातली धोंड', स्वतःचं नुकसान म्हणजे 'पायावर धोंडा'. मग पोटच्या पोराला कुणी असं नाव का देईल? तर आधीची दोन-तीन मुलं गेलेली असायची म्हणून. दगडाला ताप येत नाही, देवी येत नाहीत, दृष्ट लागत नाही. ऊन-पाऊस खात तो पडून राहतो, पण राहतो. हे पोर असंच राहावं, एवढाच त्या नावाचा अर्थ.

धोंडू एकटा नाही. दगडू त्याचा सख्खा भाऊ. केरू म्हणजे केरात टाकलेला. कोंडिबा म्हणजे धान्याचा कोंडा. उकर्डा म्हणजे उकिरड्यावरचा. भिकू, भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. नथू म्हणजे मुलगी समजून काळाने सोडून द्यावं म्हणून ज्याचं नाक टोचलं तो. कुठे बाळाला सुपात घालून ओढायचे, कुठे उकिरड्यावर ठेवून परत उचलायचे, कुठे शेजारणीला पसाभर धान्यावर 'विकायचे'. सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी. हे पोर आमचं नाही, मोलाचं नाही, याच्याकडे बघू नकोस, असं मृत्यूला पटवायचं.

आणि ही नावं फक्त गरिबाघरची, असं समजू नका. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीला त्याआधी कर्नाटकात धोंडजी वाघाच्या मागे महिनोन्महिने धावावं लागलं, तेव्हा कुठे १८०० साली तो हाती लागला. टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे. आणि धोंडो केशव कर्वे! १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून लोकांनी वाळीत टाकलं, तरी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. वयाच्या शंभरीत भारतरत्न आणि १०४ वर्षांचं आयुष्य. प्रत्येकाच्या नावामागे हेच कारण होतं असं नाही. एखादं नाव आजोबांचं म्हणूनही येतं. पण ब्राह्मणवाड्यापासून गावकुसापर्यंत ही नावं चालत होती, कारण पाळणा सगळीकडेच रिकामा होत होता. पुण्यातले दगडूशेठ हलवाई घ्या. त्यांचा मुलगा प्लेगात गेला आणि त्या दुःखातून त्यांनी गणपती बसवला, असं पुण्यात सांगतात. बापाचं नाव दगडू, आणि मुलगा राहिला नाही.

हे किती खोलवर होतं ते आकड्यांवरून कळतं. १९७१ मध्ये, म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या काळात, देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. साधारण आठातलं एक. त्याआधीच्या पिढ्यांचं तर विचारूच नका. २०२० मध्ये हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ झाला. आता धोंडू नाव का गेलं, ते सांगायला नको. फॅशन बदलली, टीव्ही आला, सिनेमा-नाटकांनी धोंडू-दगडूला गडी नाहीतर विनोदी पात्र करून टाकलं, हे सगळं खरं. पण मूळ कारण म्हणजे त्या नावाची गरज संपत गेली. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. धनुर्वाताची लस आली, गावात नर्सबाई आली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली. नवसाने जे जमलं नाही, ते यांनी केलं.

आता एक कडू गोष्ट. मुलाला धोंडू म्हणायचे ते तो हवा होता म्हणून. मुलीला नकुशी म्हणायचे ते ती नको होती म्हणून. दिसायला दोन्ही नावं वाईटच, पण एकात माया लपवलेली आणि दुसऱ्यात काहीच लपवलेलं नाही. २०११ मध्ये साताऱ्यात अडीचशेहून जास्त 'नकुशीं'ना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा कित्येकींनी आपलं नाव स्वतः निवडलं. धोंडूला हसणाऱ्या आपल्या समाजात नकुशी हे नाव या शतकातही शाळेच्या हजेरीपटावर होतं, हे विसरून चालणार नाही.

मित्राला एवढं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पणजोबांच्या आधी कुणीतरी गेलं होतं." बहुतेक हो. त्यांची नावं कुठल्याच वंशावळीत नसतात. मागे राहिलेल्याच्या नावात तेवढी त्यांची खूण असते.

बाळाचं नाव बारशाला कळेलच, धोंडू नक्की नसेल. नसू दे. मेळघाटात आजही पाळणे रिकामे होतात, तिथला आकडा खाली आणणं हे नाव जपण्यापेक्षा मोठं काम आहे. पण पुन्हा कुणी 'काय हे धोंडू-दगडू' म्हणून हसलं, तर एवढं जरूर सांगा.

तुमच्या घराण्यात कुणी धोंडू, केरू, भिकाजी, कोंडिबा होते का? जुना सातबारा नाहीतर शाळेचा दाखला काढून बघा, आणि घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा. खाली नक्की लिहा.