गुणतक्त्यातला ‘कोणीतरी’

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी. या आजारावरच्या एखाद्या औषधाची चाचणी घ्यायची तर रुग्णाची तब्येत आकड्यांत मोजावी लागते. त्यासाठी जगभर एक तक्ता वापरतात. त्याची आजची सुधारित आवृत्ती १९९९ सालची. बारा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. बोलता येतं का? गिळता येतं का? लिहिता येतं का? अंथरुणात कूस बदलता येते का? माझ्या विषयातले पेपर वाचताना हा तक्ता सतत समोर येतो.

त्यातला एक प्रश्न जेवणाचा आहे. तिथे १ गुण कधी द्यायचा? ताटातला घास कोणीतरी कापून द्यावा लागतो, पण रुग्ण हळूहळू स्वतः खाऊ शकतो, तेव्हा. ० कधी? भरवावंच लागतं तेव्हा. आता तुम्हीच विचार करा. रुग्णाचा एक गुण कमी झाला की ते काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातं. हा ‘कोणीतरी’ कोण, हे तक्ता विचारत नाही. बहुतेक वेळा ती बायको असते, नाहीतर नवरा. आजचा लेख या ‘कोणीतरी’च्या इतिहासावर आहे.

आधी थोडं विज्ञान. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशी म्हणजे मोटर न्यूरॉन. या आजारात त्या एकेक करून मरतात, आणि हुकूम न मिळालेले स्नायू झिजतात. पण स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या चेतापेशी वेगळ्या असतात, त्या साधारण शाबूत राहतात. म्हणजे चादरीची सुरकुती टोचते, नाकाला खाज सुटते, पण हात उचलत नाही. रात्रीतून अनेकदा कूस बदलून द्यावी लागते ती यामुळेच. निदानाला आधार शरीरशास्त्राचा असतो, पण घरात हा आजार जागरणाच्या रूपात येतो.

या आजाराचं सविस्तर वर्णन केलं ते फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी. १८६९ पासून त्यांचे लेख येऊ लागले आणि १८७४ मध्ये आजाराला आजचं लांबलचक नाव मिळालं, त्याचंच लघुरूप एएलएस. हे काम झालं पॅरिसच्या साल्पेत्रिएरमध्ये. तिथे हजारो गरीब आणि आजारी स्त्रिया राहत. शार्को त्यांना जिवंतपणी तपासत आणि मृत्यूनंतर त्यांचा मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली बघत. या स्त्रियांना भरवणाऱ्या सेविकांची वैद्यकाच्या इतिहासात ठळक नोंद नाही.

विसाव्या शतकात हा आजार लोकांना माहीत झाला तो अमेरिकन बेसबॉलपटू लू गेरिगमुळे. सलग २,१३० सामने खेळलेला हा माणूस. १९ जून १९३९ ला, त्याच्या ३६ व्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं. निवृत्तीनंतर त्याने न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर काम घेतलं. कागदपत्रांवर सही करायची वेळ आली की बायको एलेनॉर त्याचा हात धरून पेन फिरवायची. तक्त्यातला ‘लिहिता येतं का?’ हा प्रश्न आठवा. २ जून १९४१ ला लू गेला. एलेनॉर १९८४ पर्यंत जगली, तिने पुन्हा लग्न केलं नाही.

गेरिगला निदानानंतर दोन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. आता उलटं टोक बघू.

स्टीफन हॉकिंग यांचं निदान १९६३ मध्ये झालं, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. १९६५ मध्ये जेन वाइल्डशी लग्न झालं. ते वारले २०१८ मध्ये, म्हणजे निदानानंतर ५५ वर्षांनी. त्यांचा आजार फार संथ गतीचा होता, असं आपण सांगतो आणि ते खरंच आहे. पण संथ आजार म्हणजे काळजी घेण्याची जास्त वर्षं, हे वाक्य सहसा पुढे जोडलं जात नाही. लग्नानंतरची पहिली वीस वर्षं हा भार मुख्यतः जेनवर होता. तीन मुलं, आणि जेवण भरवण्यापासून कपडे घालण्यापर्यंत सगळं. विद्यार्थी आणि मित्र हातभार लावत, पण बाहेरून नर्स आणायला हॉकिंग बराच काळ तयार नव्हते.

पीएचडी करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. जेनसुद्धा पीएचडी करत होत्या. विषय होता स्पेनमधली मध्ययुगीन कविता. ती पदवी मिळायला १९८१ उजाडलं.

१९८५ मध्ये जिनिव्हात हॉकिंगना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी जेनला विचारलं, व्हेंटिलेटर बंद करायचा का? त्या नाही म्हणाल्या आणि त्यांना केंब्रिजला परत आणलं. तिथे घशाला छिद्र पाडून श्वासाची वाट केली. जीव वाचला, पण होता तो आवाजही गेला. आता चोवीस तास नर्स लागणार होत्या. एवढा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलणार नव्हती. जेननी धडपड केली आणि एका अमेरिकन प्रतिष्ठानाकडून पैसे मिळाले. ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ प्रसिद्ध झालं १९८८ मध्ये. जिनिव्हातलं उत्तर ‘हो’ असतं तर?

या गोष्टीला गोड शेवट नाही. १९९० मध्ये दोघं वेगळे झाले, १९९५ मध्ये घटस्फोट झाला. जेननी आठवणी लिहिल्या त्यात थकवा, राग, एकटेपण सगळं आहे. काहींना ते खटकलं. मला मात्र ते कागद या आजाराच्या इतिहासातला महत्त्वाचा पुरावा वाटतात. शार्कोंच्या नोंदींत मज्जारज्जू दिसतो. घरात रात्री काय चालतं, ते अशा आठवणींतच दिसतं.

पुढच्या काळात संशोधन सरकलं. १९९३ मध्ये एसओडी१ या जनुकातले दोष सापडले. १९९५ मध्ये अमेरिकेत रिलुझोल मंजूर झालं, त्याने चाचण्यांमध्ये आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढलं. श्वासाची यंत्रंही सुधारली. हे सगळं हवंच. पण वाढलेला प्रत्येक महिना घरातल्या कोणीतरी जागून काढायचा असतो. काळजीवाहकांवरचा ताण मोजायच्या प्रश्नावल्याही आता आहेत. त्यातली सर्वात परिचित प्रश्नावली १९८० ची, आणि तीही मुळात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी बनली होती.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर ‘आता कसे आहेत?’ या प्रश्नाबरोबर ‘तुम्ही काल किती झोपलात?’ हेही विचारा. जमलं तर त्या बारापैकी एखादं काम एका दिवसापुरतं आपल्याकडे घ्या. फक्त भरवायचं असेल तर आधी घरच्यांकडून नीट शिकून घ्या, कारण गिळण्याचे स्नायू कमजोर असताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कूस बदलून द्यायला मात्र थोड्या सरावाने जमतं, आणि तेवढ्यात त्या घरातल्या ‘कोणीतरी’ला सलग चार तास झोप मिळते.