मिनास तिरिथ पडलं का नाही? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या वेढ्याची पूर्ण गोष्ट

डोंगराच्या अंगावर चढत गेलेलं पांढरंशुभ्र शहर, खाली मैदानभर पसरलेली काळी फौज आणि दरवाजावर आदळणारा लांडग्याच्या तोंडाचा अजस्र ओंडका. २००३ मध्ये आलेला पीटर जॅक्सनचा ‘द रिटर्न ऑफ द किंग’ ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दृश्य विसरणं अवघड आहे. या सिनेमाने ११ ऑस्कर जिंकले आणि मिनास तिरिथचा वेढा जगभर पोचला.

पण मुळात हा वेढा जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९५५ मध्ये प्रकाशित झालेल्या त्याच नावाच्या पुस्तकातला. तिथे तो बऱ्याच बारकाव्यांनी येतो. शहर कसं बांधलं होतं, आत माणसं किती होती, मदत मागायची पद्धत काय होती, हे सगळं टोल्किन सांगतात. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. या शहराच्या भिंती शेवटपर्यंत शाबूत राहतात. तरीही शहर पडायच्या बेतात येतं. ते कसं?

आधी थोडी पार्श्वभूमी

मिनास तिरिथ ही गॉन्डोर या राज्याची राजधानी. पूर्वेला डोंगरांच्या पलीकडे मॉर्डोर, म्हणजे सौरॉनचा प्रदेश. मधे अँडुइन नदी आणि नदीवर ऑसगिलियाथ ही उद्ध्वस्त झालेली जुनी राजधानी.

गॉन्डोरला राजा नाही. शेवटचा राजा एआर्नुर शत्रूचं आव्हान स्वीकारून गेला तो परतलाच नाही. त्याला आता जवळपास ९७० वर्षं झालीत. तेव्हापासून राज्य चालवतात ते वंशपरंपरेने नेमलेले कारभारी. वेढ्याच्या वेळी कारभारी आहे डेनेथॉर. त्याचा थोरला मुलगा बोरोमिर काही दिवसांपूर्वीच मारला गेलाय. धाकटा फारामिर सीमेवर लढतोय.

सात तट, सात दरवाजे

मिंडोलुइन नावाच्या डोंगराच्या एका सोंडेवर हे शहर सात टप्प्यांत वर चढतं. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र तट आणि स्वतंत्र दरवाजा. सगळ्यात वर बालेकिल्ला, त्यात पांढरा मनोरा. खालच्या महाद्वारापासून वरच्या टप्प्याची उंची सुमारे ७०० फूट.

खरी गंमत दरवाजांच्या रचनेत आहे. पहिला दरवाजा पूर्वेला, दुसरा आग्नेयेला, तिसरा ईशान्येला, आणि पुढचेही असेच आलटून पालटून. त्यामुळे वर जाणारा रस्ता सरळ जातच नाही. डोंगराच्या अंगावर तो सतत इकडून तिकडे वळत राहतो. एक दरवाजा फुटला तरी शत्रूला लगेच पुढच्या दरवाजावर धडक मारता येत नाही. तटाखालून वळणं घेत जावं लागतं आणि तेवढा वेळ वरून बाणांचा मारा सोसावा लागतो.

सिनेमात सगळे तट पांढरे दिसतात. पुस्तकात मात्र सगळ्यात बाहेरचा तट काळा, गुळगुळीत आणि इतका कठीण आहे की लोखंड किंवा आग त्याचं काहीच बिघडवू शकत नाही. जमीनच दुभंगली तर तो फुटेल. म्हणजे शत्रूसमोर पर्याय दोनच. दरवाजा फोडायचा किंवा आतल्या माणसांना फोडायचं.

बाहेरची भिंत आणि न जुळणारं गणित

शहराच्या बाहेर पेलेनॉर नावाचा सुपीक पट्टा आहे. शेतं, फळबागा, गुरं, वस्त्या. शहराला खायला घालणारा हाच भाग. त्याच्याभोवती रामास एखोर नावाची आणखी एक भिंत आहे. तिची लांबी दहा लीगहून जास्त, म्हणजे जवळपास ५० किलोमीटर.

एवढी लांब भिंत राखायला माणसं लागतात आणि नेमकी तीच नाहीत. दक्षिणेकडच्या प्रांतांतून कुमक येते, तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून मोजत असतात. लोसारनाखचा म्हातारा सरदार फोरलाँग येतो, पण त्याच्यामागे फक्त २०० माणसं. अपेक्षा याच्या दहापटीची होती. कुठून ३००, कुठून ५०० तिरंदाज. डोल आम्रोथचा राजपुत्र इमराहिल घोडदळाची तुकडी आणि ७०० पायदळ घेऊन येतो. सगळे मिळून तीन हजारसुद्धा भरत नाहीत.

बाकीचे आले नाहीत, कारण उंबारच्या चाच्यांचं आरमार किनाऱ्याकडे येत होतं. घरदार उघडं टाकून राजधानी वाचवायला कोण येणार? सौरॉनने हा डाव आधीच टाकून ठेवला होता.

आता हिशेब करून बघा. आलेली सगळी कुमक त्या ५० किलोमीटरच्या भिंतीवर उभी केली, तर किलोमीटरला ६० माणसं. म्हणजे दर १६-१७ मीटरला एक. शहराची स्वतःची शिबंदी धरली तरी ही भिंत फार काळ टिकणार नव्हती.

मग तिथे लढायचंच कशाला? डेनेथॉरचं म्हणणं असं की नदी आणि शेतं लढाई न करता सोडायची नाहीत. हा निर्णय अगदीच चुकीचा नव्हता. नदी ओलांडताना शत्रूचं नुकसान होणार होतं आणि शहराला थोडा वेळ मिळणार होता. पण त्याची किंमत मोठी होती. ऑसगिलियाथ गेलं, रामासला स्फोटाने भगदाडं पडली आणि १३ मार्चला माघारी येताना फारामिर जबर जखमी झाला.

मदत मागितली, पण उत्तर आलंच नाही

वेढा पडलेल्या कुठल्याही शहराचा सगळा हिशेब एका प्रश्नावर येऊन थांबतो. बाहेरून कोणी येणार आहे का? येणार असेल तर तग धरण्याला अर्थ असतो.

गॉन्डोरकडे यासाठी दोन सोयी होत्या. पहिली म्हणजे सात टेकड्यांवर पेटवायचे इशाऱ्याचे जाळ. एका टेकडीवरचा जाळ दिसला की पुढच्या टेकडीवर पेटवायचा आणि असं करत रोहानच्या सीमेपर्यंत निरोप पोचवायचा. दुसरी म्हणजे लाल बाण. दूताने हा बाण रोहानच्या राजाला दिला की त्याचा अर्थ एकच, ताबडतोब या.

रोहानचा राजा थेओडेन ६,००० स्वार घेऊन निघतो. मोठा रस्ता शत्रूने अडवलाय. तेव्हा जंगलात राहणारे रानटी समजले जाणारे लोक त्याला डोंगरातली विसरलेली जुनी वाट दाखवतात.

मदत येतेय हे शहराला सांगायला दूत परत निघाला होता. पण रोहानच्या लोकांना वाटेत त्याचं प्रेतच सापडतं, लाल बाण अजून हातात घट्ट धरलेला. म्हणजे मदत निघाली होती, जवळ आली होती, आणि शहरातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे जे घडलं त्यात या न पोचलेल्या निरोपाचा मोठा वाटा आहे.

शत्रूचं खरं हत्यार

१४ मार्चला वेढा पक्का होतो. शत्रू बाणांच्या टप्प्याबाहेर खंदक खणून त्यात आग पेटवतो. मग मोठमोठी फेकयंत्रं उभी राहतात. तटावरच्या लोकांना आधी हसू येतं, कारण या तटाला दगड काय करणार? पण यंत्रांचा नेम तटावर नसतोच. आगीचे गोळे तटावरून थेट पहिल्या टप्प्यातल्या घरांवर पडू लागतात.

त्यानंतर येतात मुंडकी. ऑसगिलियाथ आणि रामासवर मेलेल्या सैनिकांची, कपाळावर सौरॉनच्या डोळ्याचा डाग दिलेली. लोक ती उचलतात आणि त्यात त्यांना ओळखीचे चेहरे दिसतात. वरून नाझगुल घिरट्या घालत किंचाळत असतात. ते कोणावर झडप घालत नाहीत. त्यांचा आवाज ऐकूनच हातातली शस्त्रं गळून पडतात. हळूहळू खालच्या टप्प्यातली आग विझवायला माणसंच उरत नाहीत. तट जसाच्या तसा उभा असतो आणि त्यावरची माणसं मात्र निघून जात असतात.

सातव्या टप्प्यावर पडलेलं भगदाड

या सगळ्यात सेनापती कुठे आहे? डेनेथॉर मनोऱ्यात, बेशुद्ध मुलाच्या उशाशी बसून आहे. लोक हुकूम विचारायला येतात, तो काहीच बोलत नाही. खाली तटावर फिरून माणसांना धीर देण्याचं काम गँडाल्फ आणि इमराहिल करतात.

डेनेथॉर भित्रा नव्हता. हुशार होता, कणखर होता. मग तो खचला कशाने? त्याच्याकडे पालांतीर होता, दूरचं दाखवणारा स्फटिकाचा गोळा. असाच एक गोळा सौरॉनकडेही होता. डेनेथॉरची इच्छाशक्ती इतकी दांडगी की सौरॉनला त्याला गुलाम करता आलं नाही, आणि गोळ्यात खोटंही दाखवता आलं नाही. पण काय दिसावं हे मात्र निवडता आलं. मॉर्डोरची अफाट फौज दिसली, ती खरीच होती. नदीतून वर येणारी काळी शिडं दिसली, तीही खरीच होती. फक्त त्या जहाजांवर आता चाचे नव्हते. ती जिंकून घेऊन अ‍ॅरागॉर्न शहराच्या मदतीला येत होता.

एकही गोष्ट खोटी न दाखवता एका माणसाची आशा संपवली गेली. डेनेथॉर फारामिरसह स्वतःला जाळून घ्यायची तयारी करतो. पिपिन हा हॉबिट धावत जाऊन गँडाल्फला बोलावतो आणि बेरेगोंड नावाचा पहारेकरी आपली जागा सोडून, स्वतःच्याच लोकांवर तलवार उगारून फारामिरला वाचवतो. डेनेथॉर वाचत नाही.

दरवाजा फुटला, शहर नाही

१५ मार्चच्या पहाटेआधी ग्रॉन्ड आणला जातो. १०० फूट लांब, काळ्या पोलादाच्या लांडगामुखाचा ओंडका. तीन धडकांत, विच किंगच्या मंत्रांच्या जोरावर, महाद्वार फुटतं. दारात उरतो तो एकटा, घोड्यावर बसलेला गँडाल्फ. तेवढ्यात कोंबडा आरवतो आणि उत्तरेकडून रोहानची शिंगं ऐकू येतात. विच किंग मागे वळतो.

रोहानचे लोक आत आले कसे? शत्रूची जवळपास सगळी फौज शहरावर तुटून पडली होती. रामासवर मोजकेच ओर्क होते आणि तेही भिंत पाडण्यात दंग होते. दुपारपर्यंत विच किंग एओविन आणि मेरी यांच्या हातून संपतो, अ‍ॅरागॉर्नची जहाजं धक्क्याला लागतात आणि वेढा उठतो.

सिनेमाने काय बदललं?

- सिनेमात डेनेथॉर मदत मागायला नकार देतो आणि पिपिन लपून जाळ पेटवतो. पुस्तकात हा आदेश डेनेथॉरनेच आधी दिलेला असतो.
- सिनेमात फारामिर ऑसगिलियाथवर आत्मघाती हल्ला करतो. पुस्तकात तो ऑसगिलियाथ राखायला जातो आणि शिस्तीत माघार घेताना जखमी होतो.
- सिनेमात ओर्क वरच्या टप्प्यांपर्यंत घुसतात. पुस्तकात विच किंग फुटलेल्या दारातून आत येतो आणि तिथूनच परततो.
- सिनेमात भुतांची फौज येऊन लढाई संपवते. पुस्तकात ती दक्षिणेला पेलार्गिरपाशीच थांबते. शहर वाचवायला येतात ती जिवंत माणसं.

टोल्किन यांना हे कुठून सुचलं?

टोल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. त्यांचं काम होतं संदेशवहन अधिकाऱ्याचं, म्हणजे निरोप पोचवण्याचं. आजारी पडून ते परतले, पण १९१८ पर्यंत त्यांचे एक सोडून सगळे जवळचे मित्र युद्धात गेले होते. आपली कथा कुठल्याही युद्धाचं रूपक नाही, असं ते ठामपणे सांगत. तरीही न पोचलेले निरोप आणि आवाजानेच गळाठलेले सैनिक वाचताना त्या अनुभवाची आठवण होतेच.

गॉन्डोरच्या उतरत्या काळाची तुलना त्यांनी एका पत्रात बायझंटाइन साम्राज्याशी केली होती. त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये वेढली गेली. मदतीचं आरमार शोधायला शहराने एक छोटं जहाज पाठवलं. कोणीही येत नाहीये, हा निरोप घेऊन ते परत आलं. २९ मे रोजी शहर पडलं. टोल्किन यांच्या गोष्टीत उलटं आहे. मदत येत असते, पण निरोप पोचत नाही.

म्हणूनच मिनास तिरिथ का पडलं नाही, याचं उत्तर फक्त सात तटांत सापडत नाही. तटांनी आणि दरवाजाने वेळ मिळवून दिला, काही तासांचा. ते तास वापरले कोणी? ज्यांना डेनेथॉरपेक्षा फार कमी माहिती होती, जिंकण्याची खात्री नव्हती, आणि तरीही जे आपल्या जागेवर थांबले, त्यांनी.