वाळूतील नाद आणि वहीतील नोंद

तंजावरहून उत्तरेस सुमारे १३ किलोमीटर गेले, म्हणजे वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी या पाच नद्या एकामागून एक ओलांडून मनुष्य तिरुवैयारूस पोहोचतो. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी आणि ‘तिरु’ म्हणजे आपला ‘श्री’. या प्रांती बदली होऊन आलेला मराठी अधिकारी बहुधा येथे येतो तो पंचनदीश्वराच्या दर्शनास, नाही तर १८४७ साली येथेच देह ठेवलेल्या त्यागराजांच्या समाधीस. १६७६पासून १८५५पर्यंत भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात घाट, छत्रे आणि मोडी कागद पाहून त्याला घरच्यासारखे वाटते. जे जमिनीच्या वर उभे आहे त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही जे वाळूखाली आहे त्याविषयी, आणि विशेषतः ते कसे शोधावे व कसे शोधू नये याविषयी, चार शब्द लिहिणार आहोत.

आषाढ संपताना, तमिळ ‘आडि’ महिन्याच्या अमावास्येस, पुष्यमंडपाच्या घाटावर पितरांस तर्पण करण्यासाठी सहस्रावधी लोक जमतात. जेथे यात्रा तेथे नदीस नाणे वाहण्याची चाल असते. ते उचलण्याची कलाही तितकीच जुनी असावी. नाशिकास व पंढरपुरास दोरीला चुंबक बांधून पात्रात टाकणारी पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हल्लीची पोलादी नाणी त्यास चटकन चिकटतात. तांबे, रुपे व सोने मात्र चुंबकास दिसत नाही. त्याकरिता पूर्वी आपल्याकडे झारेकरी असत. सोनारांच्या दुकानांतील केरमाती आणि नदीची वाळू परातीत धुऊन धातूचा कण न् कण वेगळा काढणे हा त्यांचा धंदा. ही विद्या पुस्तकात नव्हती. बापाने परात हलवावी आणि मुलाने पाहावे, एवढीच त्यांची शाळा.

चुंबकाने जे साधत नाही व परातीने जे फार सावकाश साधते, ते आता विजेने साधले आहे. ज्यास सर्वत्र ‘मेटल डिटेक्टर’ म्हणतात ते धातुशोधक यंत्र तत्त्वतः अगदी सोपे आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला, की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला, म्हणजे त्याच्या अंगी बारीक भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते आणि शोधकाच्या कानात नाद घुमतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी अशाच एका यंत्राने त्यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा यत्न केला होता. तो यत्न फसला. दुसऱ्या महायुद्धात कोझात्स्की नावाच्या पोलिश सैनिकी अधिकाऱ्याने हातात धरून चालविता येईल असे सुरुंगशोधक यंत्र सिद्ध केले. युद्धानंतर ती विद्या शेतात व समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्या हौशी लोकांच्या हाती आली.

इंग्लंडात आज अशा हौशी मंडळींचे संघ आहेत, आणि नवशिक्यांसाठी प्रत्यक्ष शेतात वर्गही भरतात. अशा वर्गात काय शिकवितात हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम यंत्र जमिनीशी ‘जुळविणे’, कारण माती लोहयुक्त असेल तर तीच बोलू लागते. मग वेटोळे जमिनीलगत, समपातळीत, झाडू मारल्यासारखे फिरविणे. नंतर नादाची पारख. खिळा, पत्रा, बाटलीचे बूच आणि नाणे यांचे आवाज कानास वेगळे वाटू लागावे लागतात. जागा नेमकी झाली, की हिरवळीचा गोल तुकडा अखंड उचलावयाचा, वस्तू काढावयाची आणि तो तुकडा होता तसा बसवावयाचा. नाणे लहान असेल तर यंत्राची धाव वीत-सव्वा वीत खोलीपलीकडे क्वचितच जाते. नांगराने पूर्वीच उलथलेल्या थराखाली जावयाचे नाही, हा तेथील शिरस्ता. हे सारे दोन प्रहरांत शिकता येते.

परंतु धड्याचा खरा भाग यापुढे येतो. वस्तू हातात घेऊन पुसण्यापूर्वी शोधकाने वही उघडावयाची आणि लिहावयाचे, की कोणत्या शेतात, कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, कोणत्या दिवशी. इंग्लंडला हा धडा सुखासुखी मिळाला नाही. १९८०नंतरच्या दशकात सरे परगण्यातील वॉनबरो येथे रोमन काळच्या देवालयाची जागा बाहेर फुटली आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या यंत्रधाऱ्यांनी ती उकरून काढली. नाणी देशोदेशींच्या बाजारात गेली आणि देवालयाचा इतिहास कायमचा विसकटला. अशा अनुभवांतून १९९६चा निधिविषयक कायदा झाला, आणि हौशी शोधकांनी आपण होऊन नोंद करावी अशी योजना १९९७पासून सुरू झाली. आज त्या नोंदवहीत दहा लाखांहून अधिक वस्तू आहेत. यंत्र तेच आणि माणसेही बहुधा तीच; फरक पडला तो वहीने.

कोणी म्हणेल, की असा वर्ग तिरुवैयारूच्या वाळवंटात का भरवू नये? भरविता येणार नाही. आपल्याकडे संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदणे १९५८च्या कायद्याने निषिद्ध आहे. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू व नाणी ‘पुरावस्तू’ ठरतात आणि त्या परदेशी नेण्यास खासगी व्यक्तीस बंदी आहे. शिवाय जमिनीत दडलेल्या धनासाठी १८७८चा निधिविषयक कायदा आहेच. बेलच्या त्या फसलेल्या प्रयोगाहून तो तीन वर्षांनी वडील आहे आणि अद्याप अमलात आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कचेरीत तो कपाटात असेल. त्याचे चौथे कलम काढून पाहावे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन ज्यास सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे, की धन कोणत्या प्रकारचे व किती मोलाचे, कोणत्या ठिकाणी सापडले आणि कोणत्या दिवशी. काय, कोठे, केव्हा! इंग्लंडातील हौशी मनुष्य शेतात बसून जे तीन शब्द शिकतो, ते आपल्या कायद्यात जवळजवळ दीडशे वर्षे लिहिलेले आहेत.

‘कोठे’ या शब्दास एवढे महत्त्व का, हे एका पैशावरून समजेल. राजराज चोळाची तांब्याची नाणी कावेरीच्या प्रदेशात सापडतात. त्यांवर उभी मूर्ती असते, आणि आश्चर्य असे की अक्षरे नागरी असतात. ‘श्री राजराज’ हे शब्द तमिळ न येणारा मराठी मनुष्यही वाचू शकतो. हेच नाणे श्रीलंकेतही सापडते. घाटावरच्या वाळूत मिळाले तर ते एखाद्या यात्रेकरूची श्रद्धा सांगते; लंकेत मिळाले तर चोळांचे आरमार, त्यांचा अंमल आणि व्यापार सांगते. तांबे तेच, वजन तेच, शिक्काही तोच. परंतु ठिकाण पुसले, की दोन्ही गोष्टी मुक्या होतात आणि उरते ते फक्त दुकानदाराच्या पेटीतील एक तांब्याचे चकते.

हौस ही सर्वथा वाईट, असे मात्र आम्हांस सुचवावयाचे नाही. संघमकालीन तमिळ राजांनी आपल्या नावाची नाणी पाडलीच नाहीत, असा समज विद्वानांत दीर्घकाळ होता. ‘दिनमलर’ या दैनिकाचे संपादक आर. कृष्णमूर्ती हे व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. त्यांनी ‘पेरुवळुदि’ या पांड्य राजाच्या नावाचे नाणे उजेडात आणले, आणि तो समज बदलणे भाग पडले. करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रातून निघालेल्या चेर व रोमन नाण्यांनीही त्या काळाच्या इतिहासात भर घातली आहे. छंदाने इतिहास घडू शकतो. पण तो घडतो छंदिष्ट मनुष्य जेव्हा लिहून ठेवतो व प्रसिद्ध करतो तेव्हाच.

लिहून ठेवण्याची ही परंपरा या मातीत नवी नव्हे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराजाने, त्याच्या बहिणीने आणि राण्यांनी अर्पण केलेल्या धातूच्या मूर्तींची यादी कोरलेली आहे. मूर्तीची उंची किती हात व किती बोटे, हात किती, अंगावरील दागिने कोणत्या वजनाचे, सारे तीत आहे. त्या यादीतील मूर्तींपैकी आज फारच थोड्या देवळात उरल्या आहेत. तिरुवैयारूचे उत्तर कैलास ज्या लोकमहादेवीने बांधविले, तिची व राजराजाची प्रतिमा तंजावरच्या देवळात ठेवल्याचेही त्या लेखांत नमूद आहे. २०१८ साली अहमदाबादच्या एका संग्रहालयातून दोन मूर्ती तंजावरास परत आणण्यात आल्या, त्या याच होत असे सांगण्यात आले. तज्ज्ञांत त्या ओळखीविषयी मतभेद झाले; परंतु वाद घालावयास आधार मिळाला तो सहस्र वर्षांपूर्वीच्या नोंदीचा, हे विसरता कामा नये. त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजींनी आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तेव्हा दगडावरचे दप्तर ठेवण्यात आपले पूर्वजही मागे नव्हते.

नोंद नसली म्हणजे काय होते, हे पत्तूरच्या नटराजाने दाखविले. हे गाव पूर्वी तंजावर जिल्ह्यातच मोडे. १९७६ साली तेथील पडक्या देवळाच्या आवारात खणताना एका भूमिहीन मजुरास नटराजाची मूर्ती लागली. जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याऐवजी ती गुपचूप विकली गेली आणि हातोहात लंडनला पोहोचली. १९८२ साली एका कॅनडियन कंपनीने ती विकत घेतली. पुढे ती मूर्ती पत्तूरचीच, हे सिद्ध करण्यासाठी लंडनच्या न्यायालयात धातू, माती आणि वाळवीच्या खुणा यांवर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९८८ साली निकाल लागला, १९९१ साली अपिलात तो कायम झाला आणि नटराज मायदेशी परतला. एका अर्जाने जे काम झाले असते, त्यास पंधरा वर्षे आणि दोन न्यायालये लागली.

याच्या उलट अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतान येथील नटराजाची कथा आहे. तो देवळातून चोरीस गेला आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख अमेरिकन डॉलरांस विकत घेतला. परंतु पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतील देवळांची जी छायाचित्रे काढून ठेवली होती, त्यांत या मूर्तीचेही छायाचित्र निघाले. त्यापुढे कोणाचा युक्तिवाद चालेना. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी मूर्ती स्वतः भारतास परत दिली. एका मूर्तीने वाळवीची साक्ष काढावी आणि दुसरीने छायाचित्राची, एवढाच काय तो नोंद नसण्या-असण्यातला भेद!

आता प्रश्न राहतो तो आपल्या बाजूचा. १८७८च्या कायद्याप्रमाणे धनावर कोणी हक्क सिद्ध केला नाही, तर शोधकास त्याचा वाटा मिळतो. जागेचा मालक पुढे आला आणि उभयतांत निराळा करार झाला नाही, तर शोधकाचे तीन हिस्से व मालकाचा एक. सरकारने ते धन घ्यावयाचे ठरविल्यास धातूच्या मोलावर आणखी एक-पंचमांश द्यावा लागतो. न कळविल्यास मात्र एक वर्षापर्यंत कारावास. कागदावर ही योजना बरी आहे. परंतु नांगराच्या फाळाला हंडा लागलेला शेतकरी जेव्हा कचेरीच्या पायरीशी उभा राहतो, तेव्हा त्यास कायद्याचे पुस्तक दिसत नाही. त्यास साहेबाचा चेहरा दिसतो. त्यास चोर समजून दरडावले, तीन खेपा घालावयास लावल्या, पावती दिली नाही, की ती बातमी साऱ्या पंचक्रोशीत पसरते आणि पुढचा हंडा कचेरीकडे येत नाही. तो सोनाराच्या मुशीत जातो, नाही तर समुद्रापलीकडे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की धातू शोधण्याचा वर्ग या वाळूत भरू नये, परंतु धातूची नोंद करण्याचा वर्ग प्रत्येक तालुक्यात भरावा. ग्राममहसूल अधिकारी, शाळेचे मास्तर, देवळाचे कारभारी, वाळू उपसणाऱ्या गाड्यांचे मुकादम यांस अर्ध्या दिवसात हे शिकविता येईल: वस्तू घासू नये, आजूबाजूची माती हलवू नये, दोन छायाचित्रे घ्यावी, तीन ओळी लिहाव्या आणि ज्याने आणून दिली त्यास तत्काळ पावती द्यावी. यासाठी यंत्र नको, की मोठे अंदाजपत्रकही नको. आपण येथे तीन-चार वर्षांचे पाहुणे. बदलीचा हुकूम आला की सामान बांधणारे. परंतु कावेरीच्या वाळूतून उद्या जे निघेल त्याचे ‘काय, कोठे, केव्हा’ आपल्या हस्ताक्षरात कोणा खेड्याच्या दप्तरी राहिले, तर या मुलखाचे मीठ खाल्ल्याचे काही सार्थक झाले असे म्हणता येईल.